नानांची सही

आई, परवा नानांशी मी तुझा विषय काढला. काढायला नको होता, असं आता वाटतं. मी हल्ली जळगावला कॉलेजात शिकवते, पोरं मला मॅडम म्हणतात, आणि माझ्या अभ्यासाचा विषय ऐकलास तर तू पदर तोंडाला लावशील. गर्भपात करायला गेलेल्या बायकांना दवाखान्यातून परत का पाठवतात, हे मी शोधतेय. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बायकांशी बोलत हिंडते. त्या गर्भपात म्हणत नाहीत, पिशवी साफ करणं म्हणतात. परत का आलात विचारलं की बऱ्याच जणी एकच सांगतात, नवऱ्याची सही मागितली. तेव्हा मला त्यांच्या जागी तूच दिसतेस.

धाकटीच्या बाळंतपणात तू मरता मरता वाचली होतीस. आपण सावद्याला राहत असताना तुला पुन्हा दिवस गेले तेव्हा तू मला सोबत घेऊन दवाखान्यात गेलीस. टेबलामागची बाई मान वर न करता म्हणाली, "मालकांची सही आणा, मग बघू." नाना केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला गेले होते. तू वाद घातला नाहीस. घरी येऊन तू कळण्याच्या भाकरी थापत होतीस, मधेच थांबून कंबर धरलीस आणि मला म्हणालीस, "नाना आले का सही करतीन. मले नाही म्हनत नाही ते." तिकडे भाव पडले, नाना अडकून पडले. उशीर झाला तर दवाखाना हातही लावणार नाही, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलं. मग तू गावातल्या कुणा बाईचं औषध घेतलंस. अंगावरून जायचं थांबलंच नाही. पोटात दुखून गेली, असं सगळ्यांना सांगितलं गेलं, आणि मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आले.

त्यानंतर नाना कधी ट्रकबरोबर गेले नाहीत. तुझ्या श्राद्धाला दरवर्षी पान वाढून झालं की म्हणतात, मी घरी पाहिजे होतो. मला ते बघवत नाही. म्हणून परवा मी त्यांना म्हटलं, "नाना, तुमची सही लागतच नव्हती. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, कायद्यानं तेव्हाही पुरत होती. चूक दवाखान्याची. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" वाटलं, म्हाताऱ्याच्या उरावरचा धोंडा उतरेल.  नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी घरी असतो ना, तरी सही नसती केली म्या. मले पोरगा पाहिजे व्हता."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. राग आला, अजून आहे, आणि त्यांचं बीपी वाढतं म्हणून भाजीत मीठही बेतानंच घातलं. ते खाली मान घालून जेवले. तुझी हकीकत माझ्या अभ्यासात यायची आहे, दवाखान्यातून परत येईपर्यंतची मी लिहीनही. नानांचं बोलणं कुठं लिहायचं, ते मला कळत नाही.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही ते बरंच आहे. ते सही करतील या भरवशावर तू गेलीस, तो भरवसा तुझ्यापाशी तसाच राहू दे. खरं सांगू का, परवापर्यंत तो माझाही होता.