चौदा फाटकांची गाडी

ता. २

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, तेव्हा शिव्या पहिल्या ओळीतच खाऊन घेतो. कारण मात्र खरं आहे. आमची पिकअप गेली. मेंढीवाल्याच्या चढावर तिने एक उसासा टाकला आणि बसकण मारली. मेकॅनिक खाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला की चेसिसची गंजून चाळण झाली आहे, आणि डॉक्टर इतके दिवस चालवत होते ती गाडी नव्हती, नुसती सवय होती.

आता नवी घ्यायची, आणि इथेच घोडं अडलं आहे. शोरूममध्ये दोन पिकअप आहेत. एक दणकट. उंच, चारही चाकांना जोर, आतला तळ रबरी, शेणामातीने भरली तर पाइप लावून धुवायची. सीट शाळेच्या बाकासारख्या, पण डोंगरावरच्या गोठ्यापर्यंत न कुरकुरता जाईल. दुसरी दिमाखदार. चामड्याच्या सीट, छताला काच, समोर परातीएवढा पडदा, दार उघडलं की पायाखाली आपोआप पायरी बाहेर येते, जणू कोणी मंत्रीच उतरतोय. मागचा हौदा मात्र एवढासा. माझी औषधांची पेटी ठेवली की वासराने पाय कुठे ठेवायचे?

मी दणकटवर बोट ठेवलं. तर तुझी भावजय म्हणते, दिमाखदार घ्या. अक्का, एकोणतीस वर्षांत या बाईने माझ्याकडे कधी साधी छत्रीसुद्धा मागितली नाही. कारण विचारलं तर म्हणते, बसायला बरी आहे. त्यापुढे तोंडात मिठाची गुळणी. तू तिला चार शब्द सांग. तुझं ती ऐकते.

तुझ्या दाढेचं काय झालं ते कळव. लोभ आहे तसा राहू दे, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
ढब्बू

ता. ७

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

दाढ काढली. दातांचा डॉक्टर म्हणाला की अशी चिवट दाढ त्याने पाहिली नव्हती. मी त्याला सांगितलं की मालकीण पाहा, मग दाढ कळेल.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला आणि डोकं गरम. चामड्याच्या सीट! छताला काच! तू गायी सोडवायला निघतोस की आकाशातले तारे मोजायला? नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. उद्या एखाद्या गायीच्या पोटात वासरू आडवं आलं आणि तू कोपरापर्यंत बरबटून परत आलास, तर त्या चामड्यावर तुला बसू देणार आहेत का? की टॉवेल अंथरून पाहुण्यासारखा बसवणार?

आणि भावजयीबद्दल काय बोलू! मी तिला शहाण्यांत धरत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईसाहेबांना मऊ बसावंसं वाटायला लागलं. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बिनपाठीच्या बाकांवर बसवायच्या, आणि कोणी पोक काढून बसलं की सगळ्या वर्गासमोर उभं करायच्या. त्यानंतर हाडांच्या वॉर्डात बत्तीस वर्षं मी उभीच होते, शेवटची अकरा मेट्रन म्हणून. माझ्या पाठीला कोणी चामडं लावलं नाही. महाराणींना सांग, मऊ बसायचं असेल तर घरात सोफा आहे. तिथे खुशाल बसावं. डोंगरावर जाण्यासाठी गाडी लागते, पालखी नाही.

दणकटच घे. आणि बायकोचे चोचले असे एकदा पुरवलेस की दर वर्षी पुरवावे लागतील, हेही लक्षात ठेव.

माझ्या मजल्यावरची लिफ्ट पुन्हा बंद आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी तीन पत्रं लिहिली. तो आता मला पाहिलं की जिन्यानेच पळतो, म्हणजे त्याचा तरी व्यायाम होतो.

प्रकृतीला जप. माझा राग आणि लोभ दोन्ही आहेत, जो हवा तो ठेवून घे.

तुझी,
अक्का

ता. १२

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र मी लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. एरवी यांच्या पत्राखाली माझी एक ओळ असते. तुमचं पत्र आलं की सकाळच्या चहाला हे ते मोठ्याने वाचतात, ही मामंजींच्या वेळेपासूनची आपल्या घरची रीत, तुम्हाला माहीतच आहे. या वेळीही वाचलं, अगदी हातवारे करून. सोफ्यापर्यंत आले तेव्हा आवाज जरा उतरला, पण थांबायचं कसं ते यांना सुचलं नाही.

तुम्ही लिहिलंत ते बरोबरच आहे. कामाला दणकट गाडीच हवी. मी यांना तसं सांगून टाकलं आहे. शोरूममध्ये मी दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं होतं. त्या दुसऱ्या गाडीची पायरी मला फार आवडली, इतकंच. चामड्याचं मला काही नाही, उन्हाळ्यात ते चिकटतंच.

आता मी घरीच राहायचं ठरवलं आहे. फोन घेईन, औषधांचा हिशेब ठेवीन. यांच्याबरोबर फेरीला जाणं आता पुरे. फेरीवर जाताना शेतांची चौदा फाटकं आणि येताना तीच चौदा, ती यांना एकट्याला उघडावी लागतील, पण होईल सवय. मेंढीवाल्याची म्हातारी कुत्री मला पाहून उड्या मारते, तिची तेवढी आठवण येईल.

दाढेच्या जागी दुखत असेल तर मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे फारच झालं. लोभ कमी करू नये.

तुमची,
डॉक्टरीणबाई
(डोंगरावर सगळे मला असंच म्हणतात. आता म्हणणार नाहीत.)

ता. १६

चि. ढब्बूस,

हे पत्र चहाला वाचायचं नाही. हे पत्र गोठ्यामागे जाऊन, एकट्याने, उभ्याने वाचायचं. सोबतची घडी घातलेली चिठ्ठी तुझ्या बायकोची आहे. ती उघडलीस तर या वयातही कान पिळीन.

तुझ्या बायकोचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की रुसली. चौथ्यांदा मला पायरी दिसली. नंतर फाटकं दिसली. आणि मग मी खुर्चीत बसून स्वतःला अशा शिव्या दिल्या की कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी कानांत बोटं घातली असती.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. तुमच्या फेरीवर फाटकं कोण उघडतं? शेजारी बसलेला माणूस उघडतो, हा तुझा पहिल्या दिवसापासूनचा नियम, कारण चालवणाऱ्याने उतरायचं नसतं. शेजारी कोण बसतं? म्हणजे एका फेरीत ती किती वेळा उतरते आणि किती वेळा चढते? तुला अठ्ठावीस येत नसतील तर बोटं वापर. जुनी पिकअप निदान बुटकी होती. तुझ्या दणकटचा दरवाजा जमिनीपासून किती वर आहे ते तुला ठाऊक आहे, कारण त्याचंच तू कौतुक करत होतास. आणि आता शेवटचं विचारते: तुझ्या बायकोचा कुठला गुडघा दुखतो?

नाही ना सांगता येत? मलाही नाही येत. बत्तीस वर्षं मी माणसाच्या चालण्यावरून हाड ओळखलं. ती गेल्या वर्षी माझ्याकडे चार दिवस राहून गेली, बंद लिफ्टमुळे चार दिवस जिने चढली, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडत होते की लवकर ये, वरण उतू जातंय. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दोन दिवे आहेत, आणि दोघांखाली मिट्ट काळोख.

तिला चामडं नको होतं. तिला तुझ्याबरोबर जायचं होतं. ते तिने तोंडाने का सांगितलं नाही म्हणून तू विचारशील, तर ऐक. सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी काळजीने तिला घरी बसवलं असतंस आणि स्वतःवर खूश झाला असतास.

आता शोरूमवाल्याकडून दोन्ही गाड्या एकेक दिवस मागून घे. दोन्ही दिवस पूर्ण फेरी करायची. चालवेल ती. तिच्याकडे लायसन्स आहे, तुझ्याही आधी ती तिच्या वडिलांची दुधाची गाडी चालवत होती, हे तू विसरला असशील. तू शेजारी बसायचं. फाटकं तू उघडायची.

आशीर्वाद निकाल पाहून कळवीन.

अक्का

ता. २५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी हे पत्र पलंगावर पडून लिहितो आहे. पोटऱ्यांना तेल लावलं आहे.

पहिल्या दिवशी दिमाखदार. सहाव्या फाटकापर्यंत मी पायरीच्या प्रेमात पडलो होतो. उतरलो की ती हजर, चढलो की आत. नवव्या फाटकाआधी ओढा आहे. तिथे पायरीत गाळ शिरला आणि ती अर्धवट बाहेर लटकून राहिली. गाडीने ठणाणा सुरू केला तो थांबेना. मेंढीवाला म्हणाला की कळपात एवढा आवाज करणाऱ्या मेंढीला तो विकून टाकतो. पुढे डोंगरावरच्या गोठ्यापाशी गाडीचं ते लांबलचक नाक वळेना. आम्ही शेवटचा अर्धा मैल चालत गेलो. आम्ही म्हणजे मी. तुझ्या भावजयीला मी गाडीतच बसवलं, आणि ती असं पाहत होती की मला मागे वळून बघवेना. गोठ्यात वासरू गायीच्या पोटात आडवं होतं, आणि दर वेळी ती गायीचं डोकं धरते, तिच्याशी काहीबाही बोलते. मी बोललो तर गायीने लाथ घातली.

दुसऱ्या दिवशी दणकट. ती चालकाच्या बाजूने एकदा चढली. त्या बाजूने चढताना सगळा जोर डाव्या पायावर येतो, आणि तिचा दुखतो तो उजवा. होय, मला आता माहीत आहे, उजवा. एकदा बसली ती थेट गोठ्यातच उतरली. आणि चालवते कशी म्हणून सांगू! ओढा तिने असा काढला की मी डोळे मिटून घेतले. मी मात्र उतर, फाटक उघड, गाडी जाऊ दे, फाटक लाव, धाव, चढ. आठव्याला धाप लागली. अकराव्याला मी दगडावर बसलो. तिने हॉर्न वाजवला नाही. इंजिन बंद केलं आणि वाट पाहिली. एकोणतीस वर्षांत मी तिच्यासाठी कधी इंजिन बंद केलं नव्हतं. उलट रेस वाढवायचो, म्हणजे ती लवकर येईल.

त्या दगडावरून मी तिला विचारलं की गुडघा कधीपासून. ती म्हणाली चार वर्षं. अक्का, शेताच्या पलीकडच्या टोकाला गाय जरा लंगडली तर मला इथून दिसते. फाटकापासून दारापर्यंत दहा पावलं, आणि तिथे मी आरशात स्वतःचा भांग बघत होतो.

गाडीचं मी तिच्यावर सोडलं आहे. ती म्हणेल ती, छताला काच असली तरी. तुझा तो हाडांचा सर्जन अजून काम करत असेल तर वेळ घेऊन ठेव, आम्ही येतो.

तुझ्या चिठ्ठीत काय होतं ते ती सांगत नाही. वाचून हसली आणि मग तोंड धुवायला गेली. मला आशीर्वाद मिळण्याजोगं काही असेल तर कळव.

तुझा,
ढब्बू

ता. १८

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

सर्जनकडे जाऊन आल्याला महिना उलटला, पत्र राहिलंच. त्यांनी दिलेले व्यायाम करते. ऑपरेशन सध्या नको म्हणाले, मात्र चढउतार कमी करा. मी त्यांना सांगितलं की तो बंदोबस्त झाला आहे.

गाडी दणकट घेतली. यांना वाटलं मी यांचं मन राखायला घेतली. छे! चालवायची मला असेल तर धुवायला सोपी आणि वळायला सोपी तीच बरी. मेंढीवाल्याच्या कुत्रीने पहिल्या दिवशी नेहमीच्या दाराशी उड्या मारल्या आणि हे उतरलेले पाहून तोंड फिरवलं. मग मला शोधत पलीकडे आली.

तुमच्या चिठ्ठीतली माफी मी परत पाठवते आहे. मोठ्या माणसांची माफी घरात ठेवायला जागा नसते. शिव्या मात्र ठेवून घेतल्या. तुम्ही यांना दिलेल्या आहेत, कधीतरी उपयोगी पडतील.

एक गंमत सांगते. पंधरा दिवस फाटकं उघडल्यावर यांनी एका रविवारी सगळ्या शेतकऱ्यांना एकत्र बोलावलं. फाटकं उघडण्यात डॉक्टरांचा किती वेळ वाया जातो, अडलेल्या जनावराला त्याचा किती धोका, यावर अर्धा तास बोलले. यापुढे आमच्या फेरीच्या दिवशी ज्याचं फाटक त्याने स्वतः उघडून उभं राहायचं असं ठरलं. सगळे लगेच कबूल झाले. मेंढीवाला तर म्हणाला, एवढी साधी गोष्ट, आधी कोणी बोललं कसं नाही?

वन्सं, मी एकोणतीस वर्षं उघडत होते तोवर ती नुसती फाटकं होती. यांनी पंधरा दिवस उघडली आणि ती अडचण झाली. मी मागे बसून ऐकत होते. टाळ्या मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या. परवा चौदाही फाटकांवर माणसं उभी होती आणि हे खिडकीतून हात हलवत होते. मी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही.

तुम्ही याल तेव्हा पुढे माझ्या शेजारी तुम्ही बसायचं. हे हौद्यात बसतील, विचारून ठेवलं आहे. येण्याचं लवकर कळवा, लोभाचं काय ते समोरासमोर बघू.

तुमची,
डॉक्टरीणबाई