सूर्य दोन तास थांबला की

१९ डिसेंबर १९७९, बुधवार. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या.

आज दुपारी तीनला माझं सगळं बदललं. हातात घड्याळ होतं म्हणून वेळ ठाऊक आहे.

येळवसेला आमच्या मुरूम गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळं गाव रानात. आमचं बॅटरी चार्जिंगचं दुकानही बंद. मालक शरणबसप्पाअण्णा, त्यांची आई इरम्मा आणि मी, बैलगाडीनं शेतावर गेलो. यंदा पावसानं दगा दिला, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली. पण कडब्याची खोप उभी केली, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जी-आंबील पोटभर झाली. इरम्मानं शाळेतल्या नव्या बाईंनाही जेवायला बोलावलं होतं — अयोध्याबाई. अणदूरच्या. इथल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या जागेवर आल्यात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच.

मी दुर्बीण नेली होती. पत्र्याच्या पन्हाळात चष्म्याची एक नंबरची काच, बस्स. सूर्याला तिच्यातून डोळा लावायचा नसतो, आंधळं व्हायचं काम. मागं कागद धरायचा, त्यावर सूर्य पडतो. कागद वाऱ्यानं उडाला. मी पळालो धरायला, आणि परत येऊन बघतो तर अयोध्याबाईंनी आपला तळहात मागं धरलेला, आणि त्यावर सूर्य! बिल्ल्याएवढा. त्यात दोन काळे ठिपके.

"हे डाग माझ्या हाताचे का त्याचे?"

त्याचेच, म्हटलं. हात हलवून बघा. त्यांनी हात हलवला. ठिपके सूर्यातच राहिले. मग सूर्य हळूहळू मनगटाकडं सरकला आणि बांगडीवरून खाली गेला. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"गेला की. धरून ठिवता येत न्हाय व्हय?"

येईल, असं मी म्हणालो. कसं ते मला ठाऊक नव्हतं.

२० डिसेंबर

झोप नाही. बांगडीवरून सूर्य घसरतोय.

२३ डिसेंबर

ठरवलं. दुर्बिणीला मोटर बसवायची. सूर्य सरकेल तशी दुर्बीण आपोआप सरकली पाहिजे. सोळा फेब्रुवारीला दुपारी ग्रहण आहे, अडीच ते पाच. तोपर्यंत सूर्य दोन तास कागदावर जागच्या जागी थांबवायचा. ज्या दिवशी हात न लावता दोन तास थांबला त्या दिवशी बाईंना विचारायचं. त्याआधी नाही. हातात काही नसताना काय तोंडानं विचारू? कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस मी. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, रीडिंग दुसऱ्याचं उतरवलंस. माझं स्वतःचं होतं! टेबलावरचं सगळं साहित्य खाली लोटलं आणि निघालो ते आजतागायत. माफीचं पत्र दिलं तर परत घेतील म्हणतात. देत नाही.

२ जानेवारी १९८०

सोलापूर. जुन्या बाजारात काचा बघितल्या. एक हातभर रुंद भिंग, शोकेसमधलं. वाटलं हेच घ्यावं. दुकानदार म्हातारा. म्हणाला, "मोठं घेऊन कडेला इंद्रधनुष्य बघनार का बारकं घेऊन सूर्य?" मी चिडलो, मला शिकवू नका म्हटलं. त्यानं काही न बोलता दोन इंची काच काढली, पाझर तलावाच्या मोजणीची दुर्बीण फुटली होती तिच्यातली. उन्हात धरली. समोरच्या भिंतीवर सूर्य पडला, काठ वस्तऱ्यानं कापल्यासारखा.

बारकी घेतली. माफी मागायची राहिली.

९ जानेवारी

मोटर टेपरेकॉर्डरची. तिला गजराच्या घड्याळाची चाकं जोडली की फिरणं मंद होतं. शेवटी हातभर लांब आट्यांचा दांडा. दांडा फिरतो तसा दुर्बिणीला तसूतसूनं ढकलतो. दुर्बीण ज्या कण्यावर फिरते त्या कण्याचं टोक ध्रुवाकडं हवं. काल अंधार पडल्यावर परसात झोपून ते बघून घेतलं. एवढा एक तारा आपल्या जागेवर बसतो, बाकी सगळ्यांना फिरायची हौस.

वीज कशाची द्यायची? बॅटरीचे सेल — अर्ध्या तासात मोटर दमते. घरची लाईट — कधी जाईल देव जाणे. ट्रॅक्टरची बॅटरी — बारा व्होल्टची, मोटर सहाची. मी घाईनं तीच लावली. जळक्या तारेचा वास आला, मोटर जळाली. दोन दिवसांचं काम गेलं. पक्कड भिंतीवर मारली. भिंतीला खड्डा.

अण्णा बाहेरून म्हणाले, "यप्पा, भिंतीला चार्जिंग नको, नुसतं मोटरला कर."

१५ जानेवारी

अयोध्याबाई शाळेच्या लाऊडस्पीकरची बॅटरी घेऊन आल्या. तिळगूळ दिला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. गरम पाण्यानं धुऊन, खरवडून, व्हॅसलीन लावून दिली. तेवढ्याला वीस मिनिटं लागतात. मी तास लावला.

"तुमचा सूर्य थांबला का?"

उलटा पळतोय, म्हटलं. खरंच — तारा उलट जोडल्या होत्या, मोटर सूर्याच्या विरुद्ध दिशेला चालली होती.

त्या हसल्या. "मग तुमीच गेला की लांब त्याच्यापासून."

घरी अणदूरला स्थळं बघणं चालू आहे म्हणे. ढोकीच्या साखर कारखान्यात कोणी आहे, ऊस उतरतो त्या केनयार्डात. सहज सांगितल्यासारखं सांगितलं. जाताना म्हणाल्या, "परत कॉलेजात का जात न्हाय तुमी?" मी व्हॅसलीनच्या डबीचं झाकण लावलं.

२८ जानेवारी

नवी मोटर. मोटरसायकलची सहाची बॅटरी. वीस मिनिटं थांबला सूर्य.

२९ जानेवारी

पस्तीस.

१० फेब्रुवारी, रविवार

एक तास दहा मिनिटं! कागदावर पेन्सिलीनं गोल काढला होता, त्यातून सूर्य हलला नाही. मी परसात खाली बसून होतो. कडुनिंबाची सावली सरकली, कोंबड्या सरकल्या, ऊन भिंतीवर चढलं, सूर्य तिथंच. त्यातले डागसुद्धा तिथंच. असं वाटलं की पृथ्वी थांबवून तिच्यावर मीच एकटा बसलोय. मग वाटलं, एकटा कशाला.

बाई त्याच वेळी समोरून पाण्याला चालल्या होत्या. हाक मारता आली असती. पण दोन तास म्हटलेत तर दोन तास.

१२ फेब्रुवारी

अण्णा म्हणाले, "खरं ग्रहण बघायचं तर रायचूरला जा. तिथं भरदुपारी पुरा अंधार पडनार. इथं कोर ऱ्हायची." गुलबर्ग्याहून गाडी आहे, पैसे मी देतो, दोन दिवस सुट्टी घे, असंही म्हणाले. आयुष्यात एकदाच मिळतं असलं काही.

नाही म्हटलं. बाईंचा शेवटचा दिवस सोळालाच आहे. मला पुरा अंधार नको. इथली कोर पुरे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार. शिवरात्र.

बॅटरीतलं पाणी खाली गेलं होतं. रात्री दुकान बंद करताना डिस्टिल पाण्याच्या मोठ्या बरणीतून माझ्या बॅटरीत भरलं, आणि चार्जिंगला आलेल्या मोटरसायकलच्या बाकीच्या चारांतही. सगळ्या रातभर चार्जिंगला लावल्या.

१५ फेब्रुवारी

बॅटरीला उग्र वास येतोय, नळाच्या पाण्यात औषध टाकतात तसला. जास्त चार्ज झाली असेल. उद्या काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. साधंच बोलीन. "सूर्य थांबला. तुम्हीही थांबा." एवढंच. सर्वांत बारीक कोर पावणेचारला होईल, तेव्हा.

१६ फेब्रुवारी, शनिवार. ग्रहण.

लिहू नये असं वाटतं. पण सगळं लिहितो.

दोनलाच गाव बंद. एस.टी. बंद, हॉटेल बंद, पोरं घरात कोंडलेली. अण्णा पुढचं दार लावून आत झोपले. ओस रस्त्यानं एकट्या अयोध्याबाई परसात आल्या. काखेत शाळेचे चित्रकलेचे कागद. पोरांना बघायला मिळणार नाही म्हणून दर दहा मिनिटांनी सूर्याचं चित्र काढायचं, वेळ घालून. अडीचला सूर्याच्या कडेला पहिला चावा दिसला. मोटर चालू. सूर्य पेन्सिलीच्या गोलात. त्या चित्र काढत होत्या, मी त्यांच्या कानामागचा खडूचा डाग बघत होतो.

तीन वाजून पाच मिनिटांनी मोटर रडायला लागली. मग थांबली. सूर्य गोलाबाहेर गेला.

"ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या. "मी बोटानं सरकवते की." आणि खरंच सरकवू लागल्या, एका बोटानं, हलकेच.

ऐकतो कोण! बॅटरी उचलून आत दुकानात गेलो. दुसरी लावून बघितली — मेलेली. तिसरी — मेलेली. चौथी, पाचवी. परवा भरलेल्या सगळ्याच. तोंड उघडून बघतो तर आतलं पाणी गढूळ. बरणीला बोट लावून जिभेवर ठेवलं. मचूळ! आपल्या विहिरीचं पाणी, खारं, जे बॅटरीत थेंबभर जाऊ देत नाहीत.

इरम्मा दारातच होती. विचारलं. ती म्हणाली, व्हय, मीच घेतलं. शिवरातीला म्हादेवाला घातलं. "विहिरीचं पाणी तोंडात धरवंना, ते देवाला घालू व्हय रं? तुज्या बरणीतलं काचेवानी हुतं. मग भांडं रिकामं ठिवू न्हाय म्हनून विहिरीचं भरून ठिवलं. तुला कमी पडू न्हाय म्हनून."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. सत्तर वर्षांची बाई. पदर तोंडाला लावून परसात गेली. मी दारावर लाथ मारली आणि परत बॅटऱ्यांकडं वळलो — एकीचं पाणी काढून, धुऊन, नवं आम्ल भरून, पुन्हा जोडून. चार्जर घरघरत होता. घाम डोळ्यांत जात होता. शेवटी मोटर फिरली.

बाहेर आलो तर सव्वाचार. ऊन पुन्हा पिवळं पडलं होतं. कोर जाऊन सूर्य अर्धा भरला होता.

इरम्मा दुर्बिणीमागं पाटावर बसलेली. बाईंनी तिच्या पांढऱ्या पदरावर सूर्य धरून दाखवला होता म्हणे. म्हातारी रडणं विसरून अण्णांना सांगत होती, "लिंबाखाली बघायचं हुतंस. सावलीत सगळीकडं कोरच कोर सांडलेल्या, हजार तरी. माज्या पायावर, कोंबडीवर. गौरीच्या नथीवानी."

अण्णांनी विचारलं, "आन् मोटरवाल्यानं काय बघितलं?"

मग अण्णाच म्हणाले, "देवाची तेवढी बॅटरी फुल्ल झाली म्हना."

बाईंनी कागदांची सुरळी करून माझ्यापुढं धरली. "तुमच्यासाठी पन काढल्यात." मी म्हटलं, बॅटरी नीट असती तर चित्रं काढायची वेळच आली नसती. सुरळी घेतली आणि कोपऱ्यात फेकली. हो, फेकली. त्या इरम्माच्या पाया पडून गेल्या.

१७ फेब्रुवारी

विचारलं नाही. दोन तास थांबला नव्हता.

१८ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीनं बाई अणदूरला गेल्या. अण्णांनी सांगितलं. मी कोणाच्या तरी ट्रकची बॅटरी भरत होतो. वर बघितलं नाही.

दुपारी इरम्माच्या पाया पडलो. ती म्हणाली, "उठ की. बोलला तर बोलला. गाढवपना वयाचा आसतो." मग हळूच म्हणाली, "ती पोर लई बोलवत हुती रं तुला." मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, "तू आत भांडत हुतास माज्याशी, तवा."

१९ फेब्रुवारी

काही नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

केर काढताना सुरळी सापडली. सोडली. अकरा सूर्य. प्रत्येकाखाली वेळ आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात एकेक ओळ. "२-४० : कड कुरतडली." "३-१० : मोटर बंद. सूर्य बोटाने सरकवते." आणि आठव्या चित्राखाली :

"३-४६ : सर्वांत बारीक कोर. बलभीम, बलभीम, बलभीम — तीन हाका. आले नाहीत. विचारायचे राहिले."

तिला विचारायचं होतं. तिलाही.

माझं नाव. आजवर मला "अहो" शिवाय काही म्हणाली नव्हती.

अणदूरची गाडी साडेसातला. आता सकाळचे सात वाजून पाच. मोटर नको, दुर्बीण नको, काही नको बरोबर. वही पिशवीत टाकतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.