फेकून दिलेल्या माश्या

बाई, तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली. तुमचाच विषय मी इथे इंदूरमध्येच शिकवते. फळमाश्यांच्या बाटल्या, रवा-गुळाचं खाद्य, त्याचा आंबूस वास, सगळं तेच आहे. फक्त हल्ली मायक्रोस्कोपवर वाकलं की मान धरते, आणि घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

मी तुमच्याकडे शिकत होते त्या वर्षी मे महिन्यात कॉलेजची वीज दोन दिवस गेली होती. उकाड्याने माश्या मरतील म्हणून आपण बाटल्या स्कूटरवरून राजवाड्यामागच्या तुमच्या घरी आणल्या आणि स्वयंपाकघरात कूलरसमोर मांडल्या. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "लोक माश्या हाकलतात, ही घरी आणून राहिली!" तुम्ही हसता, कढईत फोडणी टाकता आणि मला विचारता, "पंख कसा घडतो, सांग." मी पाठ केलेलं सांगते. तुम्ही मान हलवता. "ऐक. अळीच्या अंगात पंखाची इवलीशी चकती असते ना, तिच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी एक प्रथिन सोडतात. ते पसरत जातं, या फोडणीसारखं. तू इथे उभी आहेस, तुला ठसका लागला. बाहेरच्या खोलीत नुसता वास गेला असेल. ज्या पेशीपर्यंत जेवढं पोचलं, त्यावरून ती ठरवते, आपण काय व्हायचं. शीर की कड." तिथेच, ओट्याशेजारच्या टेबलावर, मी माझा प्रयोग मोजायला बसले. ते प्रथिन कमी बनवणाऱ्या वाणाच्या माश्या होत्या, त्यांच्या पंखाला खाच पडायला हवी होती. बहुतेकींना पडली होती. ज्यांचे पंख अखंड होते, त्या मी ब्रशने हळूच स्पिरिटच्या वाटीत लोटल्या. तुम्ही गॅस बंद करून आलात, चिमट्याने त्या एकेक बाहेर काढल्यात आणि कागदावर ओळीने ठेवल्यात. "यांनी तुझं काय बिघडवलं गं? ज्या नकोशा वाटतात, त्या आधी मोजायच्या." मी रडत रडत मोजल्या. मग तुम्ही मला गरम पोळी वाढलीत.

ते वाक्य मी दर वर्षी वर्गात सांगते. आणि मागच्या महिन्यात माझी विद्यार्थिनी आली. तीन वर्षं माझ्याकडे पीएचडी करते आहे, परदेशीपुऱ्याहून दोन ऑटो बदलून येते. प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते. म्हणाली, "मॅडम, गडबड आहे. ज्यांचं प्रथिन आपण कमी केलंच नाही, त्या माश्यांनापण खाच येऊन राहिली." म्हणजे ती खाच आमचं प्रथिन कमी झाल्यामुळे नसेलच कदाचित. माझे त्या दिवशी चार तास झाले होते, पुढ्यात तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मान वर न करता मी म्हणाले, "एखादी बॅच खराब निघते. सोडून दे ती."

"पक्कं, मॅडम?"

"हो."

"जी."

सकाळी चहा गाळताना मला आपलंच बोलणं आठवलं. तिला फोन लावला. म्हटलं, त्या बाटल्यांतल्या सगळ्या माश्या मोज. "मॅडम, त्या तर कालच टाकल्या. बाटल्या उकळून धुतल्यापण. तुम्हीच बोललात ना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

आता सगळं पहिल्यापासून चाललंय. नव्या जोड्या, नव्या अळ्या, दोन्ही गट शेजारीशेजारी. मी तिच्याबरोबर बसून मोजते, एकही माशी सोडत नाही. खाच दोन्हीकडे निघते आहे. प्रबंधातलं मुख्य प्रकरण काढून टाकावं लागेल, तिचं आणखी एक वर्ष जाईल, आणि फेलोशिप तर संपलीच. ती रोज वेळेवर येते.

परवा कमिटीने विचारलं, उशीर कशामुळे? मी म्हणाले, इन्क्युबेटर बिघडला होता. ती शेजारीच बसली होती, वहीत बघत राहिली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, चहा घेणार?" मी नको म्हणाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून इतकं लिहून झालं. खरं सांगू का बाई, तुम्ही असतात, तर तुम्हालाही मी इन्क्युबेटरचंच सांगितलं असतं.