घाट चढण्याआधीचा एक दिवस

विशाखापट्टणम
१४ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहायची कल्पना एकदम सही निघाली. घरी फोन केला की बाबांना ऐकू यावं म्हणून आई स्पीकर लावते, आणि माझं बोलणं झाशीच्या दतिया गेटपर्यंत जातं. जन्मभर इंजिन चालवलेल्या माणसाचे कान, त्यांना तरी काय बोलणार! पण मी इथे डायव्हिंग कंपनीत टेबलावर बसून बुकिंग घेते असंच त्यांना वाटू दे. मी स्वतः पाण्यात उतरते हे कळलं, तर ते मला पुढच्या गाडीने झाशीला नेतील.

बरुआसागरच्या तळ्यात पाय बुडवायला घाबरणारी तुझी भाची आता समुद्राखाली लोकांना हात धरून फिरवते, खरं वाटतं का तुला? ऋषिकोंड्याला पाणी उथळ, नवशिक्यांना तिथे नेतो. भीमिलीकडे खडकांच्या भिंती आहेत, कपारीतून वाम मासा तोंड काढून बघत असतो. एके ठिकाणी पाण्याखाली दगडाची कमान आहे, तिच्यातून पोहून जाता येतं. आणि दूर, खूप खोल, एक बुडालेलं जहाज आहे. तिथे अजून मला नेलेलं नाही.

घाबरू नकोस, नियम कडक आहेत. खोल पाण्यात आपण जी हवा घेतो ती रक्तात मुरते, सोड्याच्या बाटलीत गॅस असतो तशी. हळूहळू निघून गेली तर काही नाही. पण लगेच उंचावर, डोंगरावर गेलं तर झाकण उघडल्यासारखं होतं आणि अंगात बुडबुडे होतात. म्हणून डायव्हिंगनंतर पूर्ण एक दिवस सपाटीवर काढायचा. माझ्याबरोबरच्या ऐश्वर्याने ऐकलं नाही, त्याच संध्याकाळी मित्रांच्या गाडीतून अरकूच्या घाटात गेली. तिचा डावा पाय अजून फरफटतो. ती आता खरोखरच टेबलावर बसून बुकिंग घेते.

आईला यातलं काही सांगू नकोस. तुझ्या मायेची रोज आठवण येते, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मयुरा

झाशी
२४ जानेवारी २०२४

चि. मयुरा हिस
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवणाचा डबा तसाच बंद करून ठेवला. त्या ऐश्वर्याचा पाय डोळ्यांपुढून हलत नाही. एवढं वाईट लिहायचं आणि वर घाबरू नकोस म्हणायचं, ही तुझी जुनी खोड. तुझं मराठी मात्र सुधारलंय, अर्धं हिंदी तरी कमी झालं.

इथे वेगळाच उत्सव चाललाय. रिटायर झाल्यापासून दादाला एकच ध्यास आहे, अरकूची गाडी. सारी नोकरी झाशी-बिना लाइनीच्या सपाट रुळांवर गेली, घाट कधी चढला नाही, तो आता लेकीला शेजारी बसवून चढायचा. पास काढला, तिकिटं झाली. तो आणि कमलिनीवहिनी १९ फेब्रुवारीला संध्याकाळी तुझ्याकडे पोहोचतील आणि २० ला सकाळी तिघांनी वर जायचं. भाजीवाल्या भैयालासुद्धा त्याने सगळे बोगदे समजावून सांगितलेत.

तुझी गंमत करायला बसले होते, पण जमत नाही. तुझा डोंगराचा नियम आणि दादाचा घाट मला एका कागदावर नको वाटतात. मयुरा, तू त्याला सगळं सांगून टाक. चिडेल, चार दिवस बोलणार नाही, मग तोच सगळ्यांना सांगत सुटेल की आमची पोर समुद्राच्या तळाशी जाते. मी गप्प राहीन असा शब्द दिला आहे, तो पाळते आहे, पण मला हे आवडत नाही.

जपून राहा. म्हाताऱ्या आत्याचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
स्नेहलताआत्या

विशाखापट्टणम
८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल जहाजावर गेले! पाणी गढूळ होतं, हातापुढचं दिसत नव्हतं, आणि एकाएकी काळी भिंतच समोर आली. लोखंडाला जाळी लटकलेली, तिच्यात मेलेले मासे. आत एक जिना आहे, अर्धा वाळूत गेलेला. मी त्याच्यात डोकावले आणि मला वाटलं, खाली कुणीतरी आहे. कुणी नव्हतं. वर आल्यावर सरांना हे सांगितलं नाही, कारण त्यांनी लगेच शाबासकी दिली. १८ तारखेला पाहुण्यांना जहाजावर मीच न्यायचं, दिवसातून दोनदा. नीट पार पडलं की मी पक्की गाइड. आत्या, याच्यासाठी मी दोन वर्षं झगडतेय.

तुझी काळजी कळते. पण हिशेब बघ ना, १८ ला पाण्यात, १९ चा पूर्ण दिवस घरी आराम, २० ला घाट. एक दिवस पुरतो. पक्की झाले की अरकूच्या गाडीतच बाबांना स्वतः सांगेन. तिथे त्यांचा मूड चांगला असेल, रागावले तरी उतरून कुठे जाणार?

तोवर मला सांभाळून घे. तुझ्या आशीर्वादावरच सगळं चाललंय.

तुझी,
मयुरा

अरकूमार्गे किरंदूलच्या गाडीत
१९ फेब्रुवारी २०२४

चि. स्नेहलता हिस
अनेक आशीर्वाद.

तू एरचला लग्नाला गेलीस आणि मागे आमचा बेत बदलला. एका जुन्या सोबत्याने एक दिवस आधीच्या गाडीत खिडकीच्या जागा मिळवून दिल्या. मिळालेली खिडकी रेल्वेवाला सोडतो का? लगेच निघालो. मयुराला मुद्दाम कळवलं नाही, म्हटलं पोरीचा चेहरा बघू.

बघितला. काल संध्याकाळी दारात आम्हाला पाहून ती पांढरीफटक पडली. केस ओले, डोळ्यांभोवती गोल वळ. बुकिंगचं काम एवढं दमवणारं असतं हे मला माहीत नव्हतं. रात्रभर एकच टुमणं, तुम्ही दोघं पुढे जा, मी परवा येते. का विचारलं तर म्हणे काम आहे. तिच्या साहेबांशी मीच बोलतो म्हटलं, तर घाईघाईने नको म्हणाली. शेवटी कमलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा यायला तयार झाली. आज सकाळी फलाटावरही पाय उचलेना. मी हाताला धरून वर ओढून घेतली.

स्नेहलता, काय लाइन आहे! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, इंजिनाचा दम ऐकावा लागत नाही, पायाखाली कळतो. पोरीचं मात्र लक्ष नाही. घाट सुरू झाल्यावर खांदा दुखतो म्हणाली, कमलिनी बाम चोळते आहे. मधल्या एका स्टेशनवर उतरून परत जाऊ या म्हणाली. मी हसलो. एवढ्या वर्षांनी घाट मिळाला, तो अर्ध्यात सोडू? मग एका बोगद्यात माझ्या कानाशी येऊन खूप वेळ काहीतरी सांगत होती. बोगद्यातल्या आवाजात मला काय कळणार? रडतही होती वाटतं. मी पाठीवर हात ठेवला आणि मान डोलावली. मोकळी झाली असेल.

आता शिमिलीगुडा येईल, या लाइनीवरचं सगळ्यात उंच स्टेशन. पाटीखाली दोघींना उभं करून फोटो काढायचा आहे. मयुरा म्हणते, पाय बधिर झालेत, खालची जमीन कळत नाही. बसून बसून आखडले असतील. लहानपणी शेडमध्ये इंजिनावर चढवायचो तशी मीच तिला उचलून उतरवतो. वरची हवा लागली की दोन मिनिटांत चालायला लागेल.

बाकी सगळे खुशाल. तुझा लोभ आम्हा तिघांवर आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
श्रीकृष्णदादा