जानरावचा दात आणि बुद्धिबळाचे नियम

३ जानेवारी
बीपी १७०. डॉक्टर म्हणाले, मारामारी बंद, एखादा शांत खेळ खेळा. छत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. ती मारामारी नव्हती, शिस्त होती. तरी संकल्प : आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही. बुद्धिबळाचा लाकडी पट आणला. शेजारचा जानराव, रिटायर्ड एसटी कंडक्टर, शिकवणार आहे. अख्ख्या अमरावतीत माझ्याकडे येणारा तेवढा एकच उरला. बाकीचे जळतात.

४ जानेवारी
प्यादं चालतं सरळ, मारतं तिरकं. आवडलं.

६ जानेवारी
जानरावनं एकाच चालीत राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्या पलीकडे नेऊन ठेवला. म्हणे कॅसलिंग. मीही केलं. म्हणे, "तुमच्या राजाले शह हाय मास्तर, आता जमत नाही." म्हणजे जीव वाचवायचा तेव्हाच बंदी! हत्ती हातातून निसटला. जानरावच्या कपाळाला दोन टाके. बायको, रुख्मिणी, विचारते : कपाळापर्यंत निसटला?

९ जानेवारी
पट्टी लावून आला. माझं प्यादं दोन घरं जाऊन त्याच्या प्याद्याशेजारी ऐटीत उभं राहिलं. त्यानं माझ्या प्याद्यामागच्या रिकाम्या घरात तिरकं जाऊन ते मारलं! काहून, विचारलं. म्हणे एन पासां, नियम आहे. संयम पाळला. फक्त खुर्ची मोडली.

१० जानेवारी
आज एन पासां मी केलं. म्हणे, "तीन चाली उशीर झाला. ते लगेच पुढच्याच चालीत घ्या लागते." पट उचलला तेवढा आठवतो. जानरावचा समोरचा दात गेला. चूक पटाची, फार जड आहे. काळ्या घरांवर रक्त दिसत नाही.

१८ जानेवारी
आठ दिवस जानराव नाही. बीपी १९०. रुख्मिणी म्हणाली, जाऊन माफी मागा. गेलो, त्याला माफ करायला. त्यानं पट मांडला. मी कापाकापी केली. प्यादं शेवटच्या रांगेत पोचवून दुसरा वजीर घेतला. त्याच्याकडे राजा एकटा, कोपऱ्यात. जिंकलोच!
जानराव म्हणाला, "शह नाही, अन् मले हलाले जागाबी नाही. स्टेलमेट. बरोबरी."
मूठ मारली. तो वाकला. मागे भिंत होती.

१९ जानेवारी (डाव्या हातानं)
काल जानरावनंच स्कूटरवर दवाखान्यात नेलं. हात कशानं मोडला, डॉक्टरांनी विचारलं. जानराव म्हणाला, "बुद्धिबळ."
सहा आठवडे प्लास्टर. तो रोज येणार आहे. दोघांचेही मोहरे तोच हलवणार, मी फक्त चाल सांगायची. हळू आवाजात, म्हणाला.
बरं म्हटलं.