बांधालगतचा पट्टा

उमापूर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. गहिनीनाथभावजी,

वहिनीचा आशीर्वाद. केजला तुम्ही, सुकन्या आणि लेकरं खुशाल असाल. आमचंही बरं चाललंय, हरभरा काढणीला आलाय. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. आता पाकीट उघडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा.

सरकारी निधीतून आपल्या भागाला १०८ची गाडी, म्हणजे रुग्णवाहिका, मंजूर झाली आहे. आजवर फोन केला की गाडी गेवराईहून निघायची; ही इथेच उभी राहणार. मात्र तिच्या शेडला रस्त्यालगतची जागा गावाने द्यायची, तीही मार्चच्या आत. नाहीतर निधी परत जातो आणि गाडी दुसऱ्या गावाला.

सगळं गाव हुडकलं. रस्त्याला लागून मोकळा तुकडा एकच निघाला, तुमच्या आणि यांच्या भांडणातला बांधालगतचा पट्टा. तुम्ही दोघांनी एकमेकांना तिथे नांगर घालू दिला नाही, नुसत्या बाभळी माजल्या. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरं म्हणजे अख्खं शिवार.

सरपंच विजयमालाताई घरी विचारायला आल्या, "जागा नेमकी कुणाची हाय?" मी चुलीपाशी कान देऊन होते. वाटलं, आता हे उसळणार. हे शांतपणे म्हणाले, "गहिन्याची हाय. दानपत्रावर त्याचंच नाव घाला. मी कशापायी भांडलो, मलाच आता उमगत न्हाई."

तुमचे भाऊ असं बोलले यावर तुमचा विश्वास बसणार नाही. म्हणून जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. संक्रांतीनंतर यांच्या छातीत कळ आली. फोन केला, गाडीवाले जीव तोडून आले, पण अंतर ते अंतरच. तोवर यांचा हात माझ्या हातात गार पडत होता.

वाचले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झटका आला तर वेळ मिळेलच असं नाही. घरी आल्यावर यांनी मला एकच बजावलं, "गहिन्याला कळवू नको. त्यो यील, पर माझी कीव करायला यील." भावजी, मला फार भीती वाटते.

दानपत्रावर तुमची सही लागेल. विजयमालाताई म्हणाल्या, कागद केजला धाडू. मीच नको म्हटलं. सहीच्या निमित्ताने तरी तुम्ही या. आजारपणाचं मी कळवलं हे बोलू नका. हवं तर त्या पट्ट्याचं भांडण पुन्हा काढा, पण यांच्या शेजारी बसून काढा.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली
तुमची वहिनी,
सत्यशीला