श्रेयसचं निशाण पांढरं, माझं हिरवं

हॅलिफॅक्स,
मंगळवार

तीर्थरूप सौ. उल्काआत्यास,

परवा रविवारी दुपारी चाराला आठ मिनिटं कमी असताना मी एक हिरवं निशाण वर केलं आणि माझं सगळं संपलं. तरीही आधी तुला आणि काकांना वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? थंडी पडायच्या आत जिन्याला कठडा बसवून घे (काका 'या वीकेंडला नक्की' म्हणतील, त्यांना तारीख विचार). मी बरा आहे. अन्न गोड लागत नाही, पण रेजिनाहून बाबांनी विचारलं तर व्यवस्थित जेवतोय म्हणून सांग. फोनच करणार होतो, पण तू ऐन रंगात फोन काकांच्या हातात देतेस, म्हणून पत्र.

तुला ईशानी आठवत असेल. गणपतीच्या फोटोत माझ्या शेजारी आहे ती (मध्ये श्रेयस आहे, त्याच्यावर अंगठा ठेवून बघ). ती नागपूरची, तिकडे कॉलेजकडून हॉकी खेळायची, इथे नर्सिंग केलं. गेल्या वर्षी इथल्या आयरिश बायकांनी तिला कॅमोगीत ओढलं. कॅमोगी म्हणजे हॉकीचीच बहीण समज, फक्त बॉल जमिनीवर राहायला तयार नसतो आणि बायका तो हवेतल्या हवेत फटकावतात. चॅम्पियनशिपचा हा दुसराच सीझन, त्यामुळे सगळा उसना कारभार. मैदान फुटबॉलवाल्यांचं, गोलचे खांब प्लंबिंगच्या पाइपचे, आणि तिसऱ्या टीममधल्या निम्म्या मुली पहिल्या दोन टीममधल्याच. ईशानीची प्रॅक्टिस मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी. माझे मार्केटिंगचे क्लासही तेव्हाच. (कॉलेज का सोडलंस, असं तू तीनदा विचारलंस. आता कळलं असेल. बाबांना मात्र प्राध्यापकाशी भांडण झालं असंच सांग. तेही झालं होतं.) ती आपल्या स्टिकला जवसाचं तेल चोळत बसते तेव्हा मला त्या लाकडाचासुद्धा हेवा वाटतो. मग श्रेयसचा किती वाटत असेल?

श्रेयस म्हणजे माझा रूममेट. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, कुणावर कधी आवाज न चढवणारा (मला असली माणसं सहनच होत नाहीत). अंपायर कमी पडले तेव्हा ईशानीनं आम्हा दोघांनाही विचारलं, आणि तिथेच घात झाला. या खेळात गोलच्या दोन खांबांशी दोन अंपायर पांढरे कोट घालून उभे राहतात. बॉल आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक पॉइंट, त्याला पांढरं निशाण. खालून गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट, त्याला हिरवं. पांढरं श्रेयसकडे आणि हिरवं माझ्याकडे आलं. आता ईशानी वरून मारण्यात पटाईत. ती मारणार, हा झेंडा फडकवणार, ती वळून हसणार. सबंध सीझनभर हेच. मी समोरच्या खांबाशी केमिस्टच्या दुकानातल्या माणसासारखा कोट घालून उभा, आणि माझं निशाण कोरं करकरीत.

फायनलला धुकं होतं. ईशानीची टीम दोन पॉइंटनी मागे, मिनिटभर उरलेलं, बॉल तिच्याकडे. त्या क्षणी सगळं मैदान बॉलकडे बघत होतं. मी श्रेयसकडे. तो तिच्याकडे बघून हसतोय की नाही, याचा मला पुरावा हवा होता. हसत होता. (शिंक येत होती म्हणतो. इतकी हसरी शिंक मी तरी पाहिलेली नाही.) तेवढ्यात फटका बसला, त्याचा हात निशाणाकडे गेला, आणि याही वेळी हाच, असं मनात येऊन माझं डोकं फिरलं. मी हिरवं उचललं आणि सत्यनारायणाच्या मंडपात पंखा हलवावा तसं हलवत राहिलो.

दोन्ही निशाणं एकदम वर. गोलला जाळी नव्हती (मागवलीय म्हणे), बॉल मागच्या झुडपात. रेफरी बाई धावत आल्या, समोरची गोलकीपर मला जे बोलली ते मी लिहू शकत नाही. मी म्हटलं, गोलच. श्रेयस खालच्या आवाजात म्हणाला, "ओजस, वरून गेला रे." मी म्हटलं, "तू गप्प बस." बाई माझंच मान्य करणार, ईशानीची टीम जिंकणार, एवढ्यात ईशानीच पुढे आली आणि म्हणाली, बॉल वरून गेला, एकच पॉइंट द्या.

एका पॉइंटनं हरल्या.

नंतर ती माझ्याकडे आली. रागावली की ती नागपूरवर येते.

"बॉल पाहिला का तू?"

"नाही."

"मग कुठे पाहत होता?"

"श्रेयसकडे."

"त्याच्याकडे काहून?"

आत्या, उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी म्हणालो, डोळ्यांवर ऊन आलं. त्या धुक्यात. तिनं वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "पुन्हा मैदानाच्या जवळपास दिसू नको."

असो. तिचा नाद मी सोडलाय. मन अगदी शांत आहे. काकांना नमस्कार.

तुझा,
ओजस

ता. क. खरं काम राहिलंच. श्रेयसला कंपनी तुमच्या लंडनला (इथल्याच, विलायतेतल्या नव्हे) बदली देतेय, पण खोली मिळत नाही म्हणून तो अडलाय. तुझं बेसमेंट त्याला दे. मुलगा सोन्यासारखा आहे. न सांगता भांडी घासतो, बर्फ शोव्हल करतो, विंटर टायर्सची अपॉइंटमेंट सप्टेंबरातच घेतो. कठडाही बसवील. लगेच हो म्हण.

ता. क. २. वरचा ता. क. वाचू नकोस. बेसमेंटचं सांगितल्यावर श्रेयस चहा गाळता गाळता म्हणाला, "बरं झालं. ईशानीलापण तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय, पुढच्या आठवड्यात निघतेय. माझ्याच गाडीतून जाऊ दोघं." तू त्याला सांग की तुमच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरतं, आणि काका विक्षिप्त आहेत. त्यातलं एक तरी खरं आहे.

ता. क. ३. हे बुटांच्या रॅकवर कागद ठेवून लिहितोय. आज मैदानावर ते पाइप काढतायत, ती तिथेच असेल. दिसू नको म्हणालीय, पण तिच्या त्या 'काहून'चं उत्तर द्यायचंय, आणि ते ती निघायच्या आत. पत्र वाटेत पेटीत टाकतो. श्रेयस आतून विचारतोय, "कुठे चाललास? चहा निवतोय." त्याला काही सांगितलेलं नाही. निघालो, दार ओढून घेतो.